टच ज्याचा, हात त्याचा

"तो एक छंद सोडला, तर बाई म्हणजे आदर्श व्यक्तिमत्त्व होतं," असं आमच्या मराठी मंडळाचे एक माजी अध्यक्ष शोकसभेत म्हणाले, आणि मी खुर्चीतून उठलो.

सभेत उठून बोलायची मला सवय नाही. मी इथे कॅनडात, वॉनमधल्या एका गोदामाच्या कंपनीत पगारपत्रकं बघतो. दिवसभर आकडे जुळवणाऱ्या माणसाला शब्दांची भीती वाटते, कारण ते जुळले की नाही हे तपासता येत नाही. पण त्या दिवशी राहवलं नाही.

"सोडायचा कशाला?" मी म्हणालो. "बाई पैजा लावत होत्या. व्हॉलीबॉलच्या चालू सामन्यावर लावत होत्या, उघड लावत होत्या आणि हरल्या की फेडत होत्या. तो छंद सोडून ज्या उरतील, त्या बाई मला माहीत नाहीत."

कम्युनिटी सेंटरच्या त्या खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बायको माझा कोट मागून ओढत होती. मी बसलो नाही.

बाई कऱ्हाडजवळच्या एका मुलींच्या शाळेत पी. टी. शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे इथे आल्या. त्यांचं टाउनहाउस आणि आमचं भिंतीला भिंत लावून. त्या आल्या त्याच आठवड्यात पलीकडून आरडाओरडा ऐकू आला, "अगं पाय! पाय बघ तिचे!" मला वाटलं, सासू-सुनेचं जुंपलं. तसं काही नव्हतं. टीव्हीचा आवाज बंद करून बाई व्हॉलीबॉल बघत होत्या आणि समालोचन स्वतःच करत होत्या.

"तो टीव्हीतला माणूस चेंडूकडे बघून बोलतो," त्यांनी मला नंतर सांगितलं. "चेंडू बघणाऱ्याला झालेलं कळतं. होणारं कळत नाही. होणारं लिफ्टरच्या पायात असतं."

लिफ्टर म्हणजे मारणाऱ्यासाठी चेंडू उचलून देणारी. इथे तिला सेटर म्हणतात, आणि इथे 'लिफ्ट' हा फाउल आहे, चेंडू हातात धरल्यासारखा उचलला की शिट्टी वाजते. हे बाईंना ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. पार्कमध्ये आमच्या मंडळाच्या मुली एका स्थानिक टीमशी खेळत होत्या. बाई कडेला उभ्या राहून ओरडत होत्या, "लिफ्ट कर! छान लिफ्ट! अजून एक लिफ्ट!" पंच म्हणून कॉलेजातली एक मुलगी होती. तिने दोनदा बाईंकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा शिट्टी वाजवून पॉइंट समोरच्यांना दिला. बाई तरातरा मैदानात गेल्या.

"लिफ्टरने लिफ्ट नाही करायची तर काय स्वयंपाक करायचा?"

मी भाषांतर केलं, स्वयंपाक वगळून. पंच मुलगी नम्रपणे म्हणाली, "मॅम, तुम्हीच तर लिफ्ट लिफ्ट म्हणत होतात."

सगळा प्रकार समजल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना गवतावर बसावं लागलं. पण शब्द त्यांनी बदलला नाही. "पन्नास वर्षं जी लिफ्टर होती, ती विमानातून उतरली म्हणून सेटर कशी होईल? मी झाले का कुणी दुसरी?"

आमच्या पैजा सुरू झाल्या त्या माझ्यामुळे. मी सहज म्हणालो, की पहिला सेट जिंकणारी टीम बहुतेक वेळा सामना जिंकते.

"लावता?" बाई म्हणाल्या.

"मी पैसे लावत नाही."

"मीही नाही. घरात पैसे मुलाचे, ते लावणारी मी कोण? बर्फ लावू."

मग आमच्यात बर्फाची पैज चालू झाली. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा ड्राइव्हवे, म्हणजे घरापुढची गाडीची वाट, शोव्हल करायचा, फावड्याने बर्फ उपसून. सामना चालू असतानाच बाई भाव फोडत. पंधरा-अकरा असताना एक ड्राइव्हवे. बावीस-सोळा असताना पिछाडीवरच्या टीमच्या बाजूने उभं राहायची कुणाची हिंमत असेल, तर जिंकल्यावर त्याला दोन ड्राइव्हवे आणि वर पायऱ्यांवर बर्फ वितळवायचं मीठ. मी कागदावर शक्यता मांडायचो, त्या चष्मा पुसायच्या. "झाली का तुमची पेरणी, हिशेबनीस? इकडे पीक कापून झालं." मला त्या हिशेबनीसच म्हणत.

त्यांचे नियम पक्के होते. पहिल्या सेटवर काही लावायचं नाही. "पहिला सेट नमस्काराचा. कोण कुणाला घाबरतंय ते बघायचं." एखाद्या टीमने लागोपाठ चार-पाच पॉइंट मारले की सगळे तिच्यामागे धावतात, तेव्हा आपण सर्व्हिस कुणाची आहे ते पाहायचं. जोरात सर्व्हिस करणारी मुलगी आणि पलीकडे मागच्या रांगेत कच्ची मुलगी, अशी जोडी जमली की पॉइंटांचा पाऊस पडतो. रांग फिरली की तो थांबतो. "त्यात देव नाही, अंगात येणं नाही. जागा फिरल्या, संपलं." टाइम-आउटमध्ये कोण कोचकडे बघतंय आणि कोण जमिनीकडे, ते मोजायचं. हरलेली पैज त्याच सामन्यात भरून काढायला जायचं नाही, कारण हरलेल्या माणसाला खेळ दिसत नाही, फक्त आपलं हरणं दिसतं.

आणि पाचव्या सेटवर कधीही लावायचं नाही. "पाचवा सेट देवाचा." यातलं गणित मला पटत होतं. बाकीचे सेट पंचवीसचे, पाचवा पंधराचा. जेवढा डाव लहान, तेवढी नशिबाला जागा जास्त. बाईंना गणित नको होतं. "पंधराचा सेट म्हणजे शिंक आली तरी गेला," एवढं त्यांना पुरे होतं.

त्या नेहमी जिंकत असं कुणाला वाटेल. नाही. मी प्रामाणिकपणे सांगतो, आम्ही जवळजवळ बरोबरीत राहिलो. हरल्या की मात्र सकाळी उठून, मुलाचं जाकीट घालून, कानटोपी बांधून त्या आमच्या दारात हजर. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझी बायको गाउनवरच बाहेर धावली.

"बाई, ठेवा ते फावडं! लोक काय म्हणतील, शेजारच्या आजींकडून शोव्हल करून घेतात!"

"लोकांना म्हणावं, या हरल्यात. बाजूला व्हा, तुमच्या पायाखाली अजून बर्फ आहे."

त्यांची नात खिडकीतून ओरडली, "आजी लॉस्ट अगेन!" बाईंनी फावडं उंचावून तिला सलाम केला.

मंडळात ही गोष्ट पसरली तेव्हा कमिटीतल्या दोघी समजूत घालायला आल्या. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"बाई, तुम्ही पैजा लावता असं ऐकलं."

"बरोबर ऐकलंत."

"मुलांवर काय संस्कार होणार?"

"तुमच्याकडे दिवाळीत तीन पत्ती चालते, त्याचे होतात तेच."

"अहो, ते सणापुरतं असतं."

"मग माझा रोज सण."

त्या दोघी चहा न संपवता गेल्या. बाईंनी त्यांचे कप उचलले आणि मला म्हणाल्या, "मी चोरून केलं असतं तर यांना चाललं असतं."

चोरी हा विषय आला म्हणून त्यांच्या शाळेची गोष्ट सांगतो. त्यांच्या मुली एकदा जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचल्या होत्या. शेवटचा पॉइंट. समोरच्यांनी मारलेला चेंडू बाहेर गेला, पंचाने बाईंच्या शाळेला पॉइंट दिला, मुली नाचायला लागल्या. पण चेंडू बाहेर जाताना बाईंच्याच एका मुलीच्या बोटाला चाटून गेला होता. पंचाला दिसलं नव्हतं, बाईंना दिसलं होतं. बाई त्या मुलीकडे नुसत्या बघत राहिल्या. मुलीने हळूच हात वर केला. पॉइंट गेला, पुढचेही गेले, ढालही गेली. संस्थेच्या चेअरमननी जाब विचारला. बाई त्यांना म्हणाल्या, "टच ज्याचा, हात त्याचा. हे पंचाला शिकवत नाहीत, खेळणाऱ्याला शिकवतात."

म्हणून इथेही मंडळाच्या उन्हाळी सहलीत सामने असले की शिट्टी बाईंच्याच गळ्यात असायची. त्यांनी दिलेल्या निकालावर कुणी वाद घातलेला मला आठवत नाही.

आता त्यांच्या मुलाबद्दल. त्याला विचारूनच लिहितो आहे.

तो चांगला मुलगा. सॉफ्टवेअरमध्ये होता, आईशेजारी सोफ्यावर बसून सामने बघायचा. आमच्या ओंटारिओ प्रांतात बेटिंगची अॅप्स खुली झाली आणि प्रत्येक खेळाच्या मधे त्यांच्या जाहिराती यायला लागल्या, तेव्हा त्यानेही एक फोनवर घेतलं. आईने शिकवलेलं सगळं तो त्यात वापरू लागला, फक्त तिचे नियम सोडून. पहिला सेट, पाचवा सेट, पुढचा पॉइंट, त्याला सगळंच हवं होतं. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी लीगचा सामना ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली चालू. जेवताना फोन मांडीवर. नातीच्या शाळेतल्या कार्यक्रमात वॉशरूमला म्हणून गेला, तो तिचं गाणं संपल्यावर परत आला. किती गेलं हे मला माहीत आहे, पण तो आकडा या गोष्टीत महत्त्वाचा नाही. सुनेने देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला भावाकडे जायची तिकिटं काढली, तिची आणि मुलीची. परतीची काढली नाहीत. महत्त्वाचं ते.

"आई, हे तुमच्यामुळे झालं," ती म्हणाली. भिंत पातळ होती, ऐकू आलं. "तुम्ही आजपासून मॅच बघणार नाही, अशी देवासमोर शपथ घ्या."

"घेणार नाही," बाईंचा आवाज. "मी गुन्हा केलेला नाही. पण माझ्या मुलाने केला असेल तर त्याचं मी बघते. तू तुझी बॅग भर. अडवणार नाही तुला."

त्याच सुमाराला शहरात आंतरराष्ट्रीय सामने आले होते. कॅनडाच्या बायकांचा एक सामना दुपारी होता. बाईंनी मला गाडी काढायला लावली. मुलगा सर्दीचं निमित्त काढून घरी थांबला. घरी टीव्ही होता आणि हातात फोन. निघताना बाई त्याला म्हणाल्या, "मी हॉलमधून फोन करते. चालू ठेव. लाइव्ह लाइव्ह म्हणतोस ना, ते काय असतं दाखवते."

हॉलमध्ये त्यांनी इअरफोनचं एक बोंड आपल्या कानात घातलं आणि दुसरं माझ्या. "तुम्ही साक्षीला."

सामना चालू झाला. बाई बोलू लागल्या. "सर्व्हिस गेली. मागची चुकली. पॉइंट त्यांचा."

"आई, ती अजून चेंडू जमिनीवर आपटतेय."

"पुढची सर्व्हिस. लिफ्ट, मारला, ब्लॉक. पॉइंट आपला."

"थांब, आत्ता मागचा पॉइंट... हो. त्यांचा."

असं बराच वेळ चाललं. बाई सांगत होत्या, आणि थोड्या वेळाने तेच त्याच्या टीव्हीवर घडत होतं. बेटिंग कंपनीचा माणूस हॉलमध्येच कुठे तरी बसून बटणं दाबतो आणि भाव तिथून हलतात, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. कानात बोंड घालून एका आईच्या तोंडून ते ऐकणं वेगळं.

"कळलं का रे?" बाई म्हणाल्या. "तू जे बघतोस ते शिळं आहे. शिळंसुद्धा नाही, उष्टं. कुणी तरी आधी जेवलंय आणि मग तुझ्या ताटात टाकलंय. त्यावर तू पैज लावतोस."

मला वाटलं, झालं. काम झालं. आकडे जुळले की मला वाटतं तसंच.

मग मुलगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जी आशा होती ती मी विसरणार नाही, "आई, म्हणजे तू तिथून मला सांगितलंस, तर मी हरणारच नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा म्हातारा दिसला. त्याआधी कधी दिसला नव्हता.

दोन-दोन सेट झाले होते. पाचवा सुरू होणार होता.

"आई, पॉइंट नको सांगूस," तो घाईने बोलत होता. "पॉइंट कंपनीलाही कळतात. कॅमेऱ्यात दिसत नाही ते सांग. शेवटच्या ब्लॉकला आपल्या लिफ्टरने हात झटकला. आता जाहिराती चालू आहेत. ती कशी आहे?"

ती आमच्या समोरच होती. बाकाच्या मागे बसली होती, फिजिओ तिची दोन बोटं एकत्र बांधत होता आणि ती ओठ दाबून छताकडे बघत होती. ज्याला व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यालाही समजलं असतं.

"ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळलो. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला.

"नक्की?"

"मी कधी चुकीचं सांगितलंय का?"

"मग सेट आपला?"

"आपला."

त्याने असेल नसेल तेवढं लावलं. सेट चालू झाला. लिफ्टर खेळली, बोटं बांधून, शूरपणे खेळली. पण चेंडू तिच्या हातातून कधी नेटवर, कधी मागे पडत होता. मधे एकदा कॅनडाने चार पॉइंट सलग घेतले. तेव्हा बाईंची नखं माझ्या मनगटात रुतली. आजूबाजूला लाल कपड्यातले लोक नाचत होते, आणि त्या सगळ्या हॉलमध्ये कॅनडाने हरावं म्हणून आम्हीच दोघं श्वास धरून बसलो होतो. मग रांग फिरली. सेट गेला.

कानात आवाज आला. "आई, तिची बोटं बांधलेली होती. आत्ता दाखवली."

"हो."

"तुला दिसत होतं."

"समोरच होती."

"मग?"

"मी खोटं बोलले," बाई म्हणाल्या, स्वच्छ, वर्गात हजेरी घ्यावी तशा. "घरात बसलेल्याला जे सांगतील तेच दिसतं. सांगणारी सख्खी आई होती, तरी बुडालास. आता जा, त्या फोनवाल्यांवर विश्वास ठेव."

त्याने फोन ठेवला.

गाडीत मी विचारलं, "बाई, पाचव्या सेटवर लावलंत. आणि जिंकली असती ती मुलगी तर?"

"तर माझा मुलगा गेला होता, हिशेबनीस." थोडं अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "हरली तरी जाऊ शकतो. आता देवाचा सेट आहे."

सून मुलीला घेऊन कोक्विटलामला गेली. मुलगा आईशी बोलेना. बाई रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवत आणि सामने बघत, आवाज बंद करून, पण आता समालोचन नव्हतं. आमच्या भिंतीला ती शांतता सहन होत नव्हती. मग एका रविवारी मुलगा माझ्याकडे आला. अशा अॅप्सवर आपणच आपल्यावर बंदी घालून घ्यायची सोय असते, ती कशी करायची ते नीट वाचून द्याल का, म्हणाला. वाचून दिलं. बटण त्यानेच दाबलं. शाळा सुरू व्हायच्या आत सून परत आली. ती सासूला काही म्हणाली नाही, पण दुसऱ्या दिवशी टीव्हीपुढची खुर्ची खिडकीजवळ, उजेडात सरकवलेली मला दिसली.

पुढच्या सहलीत नेहमीप्रमाणे शिट्टी बाईंकडे आणून दिली. त्यांनी घेतली नाही.

"मला नको. दुसऱ्या कुणाला द्या."

"का हो बाई?"

"मी चुकीचा निकाल दिलाय."

कधी, कुठे, ते सांगितलं नाही. लोकांनी आपापलं ठरवलं. मुलाचं प्रकरण कानावर गेलेलंच होतं. शेवटी लाज वाटली म्हणायची, असं कुणी तरी म्हणालं, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. बाई सतरंजीवर बसून काकडी चिरत राहिल्या.

मी त्यांच्याजवळ गेलो. "मी सांगू का सगळ्यांना, काय झालं ते?"

"तुमचा टच होता का?"

"नाही."

"मग हात खाली."

नंतर कितीतरी सामने आम्ही पाहिले, ड्राइव्हवे हरलो, जिंकलो. शिट्टी त्यांनी पुन्हा घेतली नाही. मागच्या हिवाळ्यात त्या कऱ्हाडला गेल्या आणि तिथेच गेल्या.

तर त्या शोकसभेत मी उभा होतो. बाईंच्या बर्फाच्या पैजा, फावडं, सलाम, सगळं सांगून झालं होतं. काही जण हसलेही. माजी अध्यक्ष मात्र हटले नाहीत.

"सगळं खरं," ते म्हणाले. "पण मग त्यांनी शिट्टी का टाकली? त्यांच्याच मनाला काही तरी टोचत असणार ना?"

मला उत्तर माहीत होतं. जिभेवर होतं. पण तो टच माझा नव्हता. मी नुसता उभा राहिलो. बायकोने कोट ओढायचं थांबवलं होतं.

पहिल्या रांगेत, फोटोच्या समोर, मुलगा बसला होता. सून त्याच्या शेजारी होती. तो उठला नाही, मागे वळलाही नाही. त्याने फक्त उजवा हात सरळ वर केला, कोपर न वाकवता, पंचाला लांबून दिसावा तसा, आणि वरच ठेवला.

मी खाली बसलो.